आईला कूस बदलली की गरगरतं, मानेच्या मणक्याचे उपचार चालू आहेत पण मला कानाची शंका येतेय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, प्रश्न आईबद्दल आहे. वय ६३, ती सांगलीला असते, मी नोकरीमुळे पुण्यात. दिवाळीनंतर तिला चक्कर यायला लागलीय. सकाळी अंथरुणातून उठताना आणि रात्री कूस बदलताना, त्यातही उजव्या कुशीवर वळलं की खोली गरागरा फिरते म्हणते, पलंगाची कड घट्ट धरून डोळे मिटून पडून राहते, अर्ध्या एक मिनिटात थांबतं पण नंतर कितीतरी वेळ मळमळत राहतं, उलटीपण झालीय. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच, दोरीवर कपडे वाळत घालतानाही तेच.

तिथल्या डॉक्टरांनी आधी मानेचा एक्सरे काढला मग एमआरआय, त्यात सी५-सी६ म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी झिजलीय असं आलं. मग सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस आहे, त्यामुळे मेंदूला रक्त कमी पोचतं असं सांगून गळ्याला पट्टा दिला आणि चक्करच्या गोळ्या दिवसातून ३ वेळा. बीपीची एक गोळी आधीपासून चालू आहे, बीपी आणि शुगर दोन्ही कंट्रोलमध्ये आहेत. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगते, चालताना भिंत धरते, आणि चक्कर काही जात नाही. आता तर तिने आडवं व्हायचंच सोडलंय, दिवाणावर पाठीशी उशा लावून बसून झोपते, ते बघवत नाही.

ऐकायला तिला व्यवस्थित येतं, कान दुखत नाही, वाहत नाही, कानात आवाज नाही. म्हणून घरचे म्हणतात कानाचा इथे काय संबंध. मामा म्हणतो पित्त आहे, काकू म्हणतात अशक्तपणा. मी नेटवर जरा वाचलं तर आतल्या कानामुळे असं होतं असं दिसतंय. खरंच होऊ शकतं का? आणि दाखवायचं कोणाला, ईएनटी, न्यूरो की मणक्याचे डॉक्टर?

गोदाकाठची

आधी ईएनटीकडे न्या. माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं, कूस बदलली की फिरायचं, वर बघितलं की फिरायचं. त्यांनाही पट्टा दिला होता आणि त्या पट्ट्याने मान अजूनच आखडली. ईएनटी डॉक्टरांनी त्यांना टेबलावर एका बाजूला मान वळवून झपकन आडवं केलं, डोळे बघितले आणि लगेच म्हणाले कानातले कण सरकलेत. त्याच टेबलावर मान या बाजूला त्या बाजूला करून बसवलं. सासूबाई तेवढ्या वेळात घाबरून ओरडत होत्या पण घरी आल्या त्या पलंगावर आडव्या होऊन झोपल्या. नंतर एकदा परत जावं लागलं. गोळी एकही नाही.

श्रवण_नाशिक

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या आणि तोलाच्या तपासण्या करते, चक्करचे पेशंट रोज बघते. इथे बसून डायग्नोसिस करता येत नाही हे आधी सांगते, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते इतकं नेमकं आहे की तपासणी कुठल्या दिशेने व्हायला हवी हे नक्की सांगता येईल.

आतल्या कानाची कामं दोन. एक ऐकण्याचं, ते शंखासारख्या भागात होतं. दुसरं तोल सांभाळायचं, ते त्याच्या शेजारीच होतं पण यंत्रणा वेगळी. म्हणून ऐकू नीट येत असताना फक्त तोलाचा भाग बिघडू शकतो आणि "कान तर चांगला आहे" असं म्हणून तो सुटून जातो. तोलाच्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींना साधारण काटकोनात, आत द्रव भरलेला. गवंडी लेव्हल बघायला पाण्याची नळी वापरतो ना, तशा तीन दिशांना तीन नळ्या समजा. डोकं वळलं की आतला द्रव मागे रेंगाळतो, तिथल्या बारीक केसांसारख्या पेशी वाकतात आणि डोकं कुठे किती वेगाने वळलं हे मेंदूला कळतं. याच माहितीवर मेंदू डोळे स्थिर ठेवतो.

या नळ्यांच्या शेजारी एक पिशवी असते, तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी सूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण कळायला ते लागतात, त्यांची जागाच ती आहे. वयामुळे, डोक्याला मार लागल्यावर, कधी काहीच कारण नसताना ते सुटतात आणि नळीत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत कारण ती सगळ्यात खाली असते. मग तुम्ही आडवे झालात, कूस बदललीत, मान वर केलीत की ते कण नळीत घरंगळतात आणि द्रवाला ओढतात. डोकं थांबलेलं असतं पण तो कान मेंदूला सांगतो की डोकं फिरतंय. दुसरा कान म्हणतो नाही फिरत. या भांडणात डोळे झटके देत हलायला लागतात आणि माणसाला खोली फिरताना दिसते. कण तळाला जाऊन स्थिरावले की अर्ध्या एक मिनिटात थांबतं. याला बीपीपीव्ही म्हणतात. पन्नाशीनंतर जास्त दिसतो, बायकांमध्ये अधिक.

आता मणक्याबद्दल. साठीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एमआरआयमध्ये झीज दिसतेच. ज्यांना आयुष्यात कधी चक्कर आली नाही त्यांच्याही दिसते. त्यामुळे रिपोर्टमध्ये सी५-सी६ आलं म्हणजे चक्करचं कारण सापडलं असं होत नाही. तुमच्या आईचं अंथरुणात कूस बदलल्यावर गरगरतं, आणि तेव्हा मान धडाबरोबरच वळते, मानेला वेगळा पीळ पडत नाही. ही एक गोष्ट विचारली असती तरी कानाकडे लक्ष गेलं असतं. आपल्याकडे चक्कर म्हटलं की मान, असं इतकं पक्कं बसलंय की कितीतरी बायका वर्षानुवर्षं गळ्यात पट्टा घालून फिरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बीपीमुळे होतं का, तर उभं राहताना बीपी उतरून येणारी चक्कर वेगळी असते. डोळ्यापुढे अंधारी येते, आडवं झालं की बरं वाटतं. आईचं उलट आहे, आडवं होतानाच सुरू होतं.

आता मला हे सांगा: डाव्या कुशीवर वळल्यावरही तेवढंच होतं का? त्या आधी पडल्या होत्या का, डोक्याला काही लागलं होतं का? बोलताना जीभ जड होणं, एकाचं दोन दिसणं, हातापायात मुंग्या, असं काही?

बार्शीचा_राजा

ताईंनी शेवटी विचारलंय ते फार महत्त्वाचं आहे म्हणून मध्येच लिहितोय. माझ्या वडिलांना अचानक चक्कर आली, उलट्या, घरात सगळे म्हणाले कानाचं असेल, आधी त्यांना कधीतरी तसं झालं होतं. पण या वेळेस ती थांबतच नव्हती, नुसतं पडून असलं तरी चालूच, आणि उभं केलं तर एका बाजूला कोसळत होते, आधार दिला तरी पाय टाकता येईना. जवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅन केला तो नॉर्मल आला म्हणून सलाइन लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बोलणं अडखळायला लागलं तेव्हा सोलापूरला नेलं, एमआरआयमध्ये लहान मेंदूचा स्ट्रोक निघाला. आता चालतात पण काठी लागते. तिथल्या न्यूरो डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक सुरुवातीच्या सीटीत बरेचदा दिसत नाही.

म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांना सांगतो, चक्करबरोबर जीभ अडखळणं, तोंड वाकडं, डबल दिसणं, एका हातापायातली शक्ती जाणं, कधी नव्हे असं डोकं दुखणं, किंवा अजिबात उभंच राहता न येणं यातलं एक जरी असलं तरी कान की मणका हा विचार करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि एमआरआय आणि न्यूरो असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला न्या. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

श्रवण_नाशिक

@बार्शीचा_राजा बरं झालं लिहिलंत, हे वर पिन करून ठेवायला हवं. फरक वेळेत आहे. कणांची चक्कर काही सेकंद, फार तर मिनिटभर, ती पण हालचाल केली तरच. जी चक्कर तासन् तास सलग चालू आहे तिथे कारण वेगळं. कानाच्या नसेला सूज येऊनही असं दोन-तीन दिवस सलग गरगरतं, बरेचदा सर्दी-तापानंतर, आणि तो माणूस अंथरुणाला खिळतो. पण ती नसेची सूज आहे की लहान मेंदूचा स्ट्रोक हे घरी ठरवायचं नाही. माहितगार डॉक्टर डोकं पटकन वळवून नजर टिकते का ते बघतात, डोळ्यांचे झटके एकाच दिशेने आहेत की दिशा बदलते ते बघतात, एक डोळा झाकून-उघडून दुसरा वरखाली सरकतो का ते बघतात. या तीन तपासण्या नीट केल्या तर पहिल्या एक-दोन दिवसात कधीकधी एमआरआयपेक्षाही जास्त सांगून जातात.

आणि एका कानाचं अचानक ऐकू यायचं बंद झालं, चक्कर असो वा नसो, तर तीही इमर्जन्सीच. मळ असेल म्हणून थेंब टाकत आठवडा घालवू नका. स्टेरॉइडचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकी ऐकू परत यायची शक्यता जास्त.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच आईशी बोललो. डाव्या कुशीवर काही होत नाही, फक्त उजवी. पडली नव्हती, पण आता आठवून सांगते की त्याच सुमारास माळ्यावरची भांडी काढताना दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं होतं, टेंगूळ आलं होतं. बोलणं, दिसणं, हातपाय सगळं ठीक.

यूट्यूबवर मान वळवायचे व्हिडिओ आहेत, शनिवारी गावी गेलो की मीच करून बघू का?

श्रवण_नाशिक

पहिल्यांदा स्वतः करू नका. कुठला कान, कुठली नळी हे ठरल्याशिवाय मान फिरवण्यात अर्थ नाही. आडव्या नळीत कण असतील तर मॅन्युव्हर, म्हणजे कण जागेवर न्यायला डोकं वळवायची पद्धत, पूर्ण वेगळा असतो. शिवाय आईची मान आखडलेली आहे, डॉक्टरांना एमआरआय दाखवून मान किती मागे नेलेली चालेल हे विचारायला हवं. ज्यांना डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे किंवा मानेतल्या रक्तवाहिनीत अडथळा आहे त्यांनीही आधी विचारायचं.

ईएनटीकडे गेल्यावर सरळ म्हणा, डिक्स-हॉलपाइक टेस्ट करा. १९५२ पासूनची टेस्ट आहे, मशीन लागत नाही, टेबल आणि बघणारे डोळे पुरतात. मान ४५ अंश उजवीकडे वळवून झटकन मागे आडवं करतात, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं झुकतं. दोन-चार सेकंद काही होत नाही आणि मग डोळे गोल फिरत वरच्या बाजूला झटके द्यायला लागतात. ते दिसलं की प्रश्न मिटला. जाण्याच्या दिवशी सकाळची चक्करची गोळी घेऊ नये असं बरेच डॉक्टर सांगतात कारण गोळीने हे झटके दबतात, फोन करून विचारून घ्या.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तिथूनच एप्ली मॅन्युव्हर सुरू होतो. डोकं मागे झुकलेलंच ठेवून अर्धा-एक मिनिट थांबतात, मग ९० अंश डावीकडे, परत थांबतात, मग पूर्ण अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, थांबतात, आणि हळूच उठवून बसवतात. या प्रवासात कण नळीतून घरंगळत परत त्यांच्या पिशवीत येतात. पोर्टलंडचे जॉन एप्ली म्हणून कानाचे डॉक्टर होते त्यांनी हे शोधलं. सुरुवातीला त्यांच्याच क्षेत्रातले लोक विश्वास ठेवायला तयार नव्हते, इतक्या जुन्या दुखण्यावर नुसती मान वळवून इलाज कसा असेल म्हणून. १९९२ मध्ये त्यांचा पेपर आला आणि आज जगभर हाच पहिला उपचार आहे.

आईला आधीच सांगून ठेवा की टेबलावर गरगरणार, एक-दोन मिनिटं जोरात गरगरणार, पण पडू देणार नाही. हे सांगितलेलं नसलं की पेशंट मध्येच उठून बसतात आणि सगळं फुकट जातं.

मीठकमी_मिरज

कानाच्या चक्करमध्ये अजून एक प्रकार आहे तो इथे आला नाही म्हणून लिहितो. मला मेनिअर आहे. यात आधी डावा कान दडे बसल्यासारखा भरतो, घूं घूं आवाज वाढतो, ऐकू कमी येतं आणि मग जी चक्कर सुरू होते ती अर्धा तास ते कधी चार-पाच तास चालते. तेवढा वेळ डोळे उघडता येत नाहीत. मी बँकेत काउंटरला असताना झालंय, कॅश अर्धी मोजलेली, पेटी बंद करायला सहकाऱ्याला हाक मारायचीसुद्धा ताकद नव्हती. संपल्यावर दिवसभर अंगातला जीव गेलेला. दर वेळी ऐकू थोडं परत यायचं, पण वर्षं गेली तसं पूर्वीइतकं येईनासं झालं. आतल्या कानातल्या द्रवाचं प्रमाण वाढल्यामुळे असं होतं असं सांगतात.

मला लोणचं, पापड, फरसाण, हॉटेलचं खाणं बंद करून खूप फरक पडला, सोबत गोळ्या आहेत. सगळ्यांनाच मिठाने फरक पडतो असं नाही म्हणतात, पण मला पडला. कृष्णाकाठ, आईंना कानात आवाज नाही आणि इतका कमी वेळ टिकतं म्हणजे हा प्रकार वाटत नाही, तरी ऑडिओमेट्री एकदा करून घ्या, किती ऐकू येतं ते मोजायची साधी टेस्ट आहे, पुढे कधी तुलना करायला रिपोर्ट हाताशी राहतो.

कृष्णाकाठ

अपडेट देतो. सोमवारी मिरजेला ईएनटीकडे नेलं. उजव्या बाजूला आडवं केल्याबरोबर डोळे जे काही फिरायला लागले ते मी स्वतः बघितलं, बाहुल्या गोल फिरून वर झटके देत होत्या, विश्वास बसेना. आईने माझं मनगट इतकं आवळलं होतं की नखांच्या खुणा उमटल्या. एप्ली केलं, थोडा वेळ बसवलं, परत टेस्ट केली तर डोळे अगदी थोडे हलले, म्हणून परत एकदा केलं. ऑडिओमेट्री वयाप्रमाणे नॉर्मल. पट्टा काढायला सांगितला. रात्री पलंगावर झोपली, सकाळी उजवीकडे वळली तर काही नाही.

पण आता ती म्हणते डोकं हलकं हलकं वाटतं, चालताना गादीवरून चालल्यासारखं होतं. आणि उजव्या कुशीवर वळायला अजून घाबरते. हे नॉर्मल आहे का? चक्करच्या गोळ्या कमी करत बंद करायला सांगितल्यात. तिला वाटतंय गोळ्या बंद केल्या की परत येईल.

उजनी

कृष्णाकाठ, वाचून फार बरं वाटलं. मी थोडं वेगळं सांगते, कारण तोलाचा कान कायमचा गेला तर काय होतं हे फारसं कोणी लिहीत नाही. मला टीबी झाला होता तेव्हा स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं बराच काळ घेतली. टीबी बरा झाला, त्या इंजेक्शनांनी जीव वाचला. पण दोन्ही कानांचा तोलाचा भाग त्यात गेला. मला कधीच काही गरागरा फिरलं नाही, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही. चालायला लागले की दुकानांच्या पाट्या वरखाली उड्या मारायच्या, थांबल्यावरच वाचता यायच्या. उजेडात ठीक, पण लाइट गेली की भिंत सापडेपर्यंत पाय उचलायचा नाही. न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल गेलाच, आता मी खाली बसूनच अंघोळ करते. शेताच्या बांधावरून चालणं तर सोडूनच दिलं.

माझं कारण कळायला खूप वर्षं गेली. फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवले, अंगठा समोर धरून त्यावर नजर रोखायची आणि डोकं उजवीकडे डावीकडे हलवायचं, मग चालता चालता तेच. रोज करते. पाट्यांच्या उड्या खूप कमी झाल्यात. ज्यांच्या घरी कोणाला अशी इंजेक्शनं चालू आहेत, अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसीन, त्यांनी पेशंटला अंधारात तोल जातो का, चालताना समोरचं हलतं का हे विचारत राहा आणि तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. इंजेक्शन मनाने बंद करायचं नाही, पण सांगायचं नक्की.

श्रवण_नाशिक

@उजनी तुमचं लिहिणं मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे, परवानगी असेल तर. न्हाणीघरात बसून अंघोळ, संडासात धरायला कडी, रात्री पॅसेजमध्ये एक छोटा दिवा, हे तोलाचा त्रास असलेल्या प्रत्येक घरात हवं. तोलाची माहिती कान, डोळे आणि पाय तिघं देतात. कान गेला की डोळे आणि पायांवर भार येतो, मग अंधार आणि ओबडधोबड जमीन हीच जास्त धोक्याची.

@कृष्णाकाठ हलकं वाटणं, गादीवरून चालल्यासारखं वाटणं हे एप्लीनंतर बऱ्याच जणांना काही दिवस ते दोन-तीन आठवडे राहतं. मेंदू इतके दिवस चुकीच्या सिग्नलशी जुळवून घेत होता, त्याला परत बसायला वेळ लागतो. आणि तो वेळ चालण्या-फिरण्याने कमी होतो, पडून राहिल्याने वाढतो. सोबत कोणी असताना रोज अंगणात, गच्चीवर चालू दे. मान ताठ ठेवून रोबोटसारखं चालतात बरेच जण, तसं करू देऊ नका, इकडेतिकडे बघत चालायचं.

गोळ्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. गोळ्या कणांना जागेवर नेत नाहीत, त्या फक्त मेंदूकडे जाणारा गोंधळ दाबतात, आणि मेंदूने जे शिकायला हवं तेही दाबतात. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन ही दोन औषधं वयस्कर लोकांना महिनोन् महिने चालू राहिली तर हात थरथरणं, चाल मंदावणं असं पार्किन्सनसारखं दिसायला लागू शकतं, मी असे पेशंट बघितलेत. अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या अकादमीची २०१७ ची गाइडलाइनपण हेच म्हणते, की बीपीपीव्हीला अशा गोळ्या सरसकट देऊ नयेत. त्यातच असंही आहे की मॅन्युव्हरनंतर बसून झोपण्याची, मान न हलवण्याची पथ्यं लागत नाहीत. आईला उजव्या कुशीवर झोपायला कोणतीही मनाई नाही. पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसा आणि हळू वळू द्या.

हा त्रास परत होऊ शकतो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. झाला तर घाबरायचं नाही आणि परत मणक्याकडे जायचं नाही, त्याच ईएनटीकडे जाऊन परत एप्ली. एक सुचवेन, व्हिटॅमिन डी तपासून घ्या. दक्षिण कोरियात २०२० मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात ज्यांचं डी कमी होतं त्यांना डी आणि कॅल्शियम दिल्यावर त्रास परत होण्याचं प्रमाण कमी झालं. आणि तीन-चार आठवड्यांनंतरही चालताना तोल जातोय असं वाटलं तर उभं राहतानाचं आणि आडवं असतानाचं बीपी दोन्ही मोजा, बीपीच्या गोळीचा डोस बघायला लागेल. डॉक्टरांना ते दोन्ही आकडे लिहून न्या.